रंगीत दिव्यांची डबी

पवनी गावात राहणारी माझी आत्या गेली. पुण्यानुमोदनाला, म्हणजे तिच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, तिचे फोटो टीव्हीवर दाखवायचं मी कबूल केलं. माझा तळहाताएवढा कॉम्प्युटर फार तापायचा, म्हणून त्याला थंड ठेवणारी डबी हवी होती.

बहीण म्हणाली, "दादा, बिनपंख्याची घे, अ‍ॅल्युमिनियमची. आवाज नाही करत."

मी पंख्याचीच घेतली. खरं तर तिच्यातले रंगीत दिवे मला आवडले होते.

कार्यक्रमात सगळे मौन पाळायला उभे राहिले आणि पंखा घरघरू लागला. आत्याच्या फोटोखाली लाल-निळे दिवे फिरत होते. लोक वळून पाहू लागले. घाबरून मी वायर ओढली.

आतेभाऊ हळूच म्हणाला, "आईचा फोटो कायले बंद केला?"

मला मान वर करता आली नाही. दुसऱ्याच दिवशी बहिणीला म्हटलं, "डबी तूच मागव."