डिकी मोजली, सासूबाई राहिल्या

माझ्या हातून आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ झाला, पण सगळ्यात पद्धतशीर मूर्खपणा झाला तो पहिली गाडी घेताना. सासूबाईंना बाहेर नेता यावं म्हणून ती गाडी घ्यायची होती. त्यासाठी मी उन्हाळाभर शोरूम पालथ्या घातल्या, प्रत्येक गाडीची डिकी इंचाइंचाने मोजली, वहीत टिपून ठेवली, आणि सासूबाई त्या गाडीत मावतात की नाही, एवढंच तेवढं बघायचं विसरले.

नातवंडं हे ऐकून लोळतात. लोळू देत. मलाही ती तेव्हाची बाई आठवली की हसू येतं. खांद्याला पर्स, पर्समध्ये शिवणाची टेप, आणि चेहऱ्यावर आपल्यावाचून जगाचं अडलंय असा भाव.

आम्ही फरीदाबादला राहत होतो. ह्यांची नोकरी तिथल्या एका कारखान्यात. सासूबाईंचं आयुष्य मात्र दिल्लीत सरकारी क्वार्टरमध्ये गेलेलं. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे आल्या आणि दुसऱ्याच वर्षी न्हाणीघरात पडल्या. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण उजवा गुडघा वाकेनासा झाला. पाय काठीसारखा सरळ. घरात वॉकर धरून चार पावलं टाकायच्या, बाकी सगळं चाकाच्या खुर्चीत. सकाळी खुर्ची बाल्कनीत नेली की दिवसभर रस्ता बघायच्या. समोर नवीन सेक्टर उठत होता. कुठल्या इमारतीला आज स्लॅब पडला हे आम्हाला त्याच सांगायच्या.

त्यांचा जीव अडकला होता एका मैत्रिणीत. जुन्या क्वार्टरमधल्या शेजारीण काकू. तीस वर्षं दोघींनी एका भिंतीच्या दोन बाजूंना संसार केला होता. आता काकूंच्या मुलाची बदली झाली होती आणि जूनअखेर तो त्यांना कायमचं नागपूरला नेणार होता. काकूंना दिसेनासं झालं होतं, त्यामुळे त्या इकडे येणं शक्य नव्हतं. फोन यायचा. सासूबाई ओरडून सांगायच्या, "येते गं, येते! आमच्याकडे गाडी बघणं चाललंय!"

तुम्ही म्हणाल, टॅक्सी करायची. केली होती. मोठी काळीपिवळी. मागची सीट दिवाणासारखी, सासूबाई पाय पसरून ऐसपैस बसल्या. पण डिकीत गॅसची टाकी! ड्रायव्हरने खुर्ची वर कॅरिअरला सुतळीने बांधली. पहिल्याच मोठ्या खड्ड्याला सुतळी तुटली, खुर्ची रस्त्यावर आणि एक चाक वाकडं. अर्ध्या वाटेतून परत आलो. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच बसलं: खुर्ची आत पाहिजे, डिकीत, दार बंद होऊन. बाकी कशाचा विचार करायला त्या डोक्यात जागाच उरली नाही.

आणि काळही कसला! आधी गाडी घ्यायची म्हणजे नंबर लावायचा आणि जी मिळेल ती देवाची म्हणून घ्यायची. आता अचानक दर दोन महिन्यांनी एक नवीन छोटी गाडी बाजारात येत होती. निवड करायला मिळणं ही नवीनच पीडा होती. ठरवलं की दुसऱ्या दिवशी पेपरात वेगळीच जाहिरात. रात्री मी कुशीवर वळून म्हणायचे, "अहो, ती दुसरीही एकदा बघू या का?" हे म्हणायचे, "कॅटलॉगमध्ये डिकी किती लिटर ते लिहिलंय ना? वाच आणि ठरव."

"लिटर? मी काय डिकीत दूध भरणार आहे?"

ह्यात मात्र मी चुकले नव्हते. कॅटलॉगच्या लिटरला काही अर्थ नसतो, हे मी आजही सांगेन. पाणी कोपऱ्याकोपऱ्यात शिरतं, खुर्ची शिरत नाही. म्हणून मी ठरवलं की प्रत्यक्ष खुर्चीच न्यायची. ऑटोत घालून. सीट मधोमध वर ओढली की ती मिटायची, पाय ठेवायच्या पट्ट्या काढून पिशवीत घ्यायच्या.

पहिल्या शोरूममध्ये सेल्समन धावत आला. त्याला वाटलं पेशंटही मागून येतोय. मी म्हटलं, "भैया, डिकी खोलो." ती सगळ्यांकडे असायची तशी चिमुकली गाडी. खुर्ची आडवी घातली तर दार बंद होईना, उभी घातली तर काचेचा उतार खुर्चीच्या मुठीला लागायचा. सेल्समनने मागची सीट पाडली. खुर्ची गेली. म्हटलं, "और हमारी लड़की कहाँ बैठेगी? कुर्सी पे?"

दुसरी गाडी मथुरा रोडवर, दिल्लीच्या हद्दीत. तिची डिकी खोल होती, पण काठ इतका उंच, की खुर्ची छातीपर्यंत उचलून आत सोडायची. मी दोनदा उचलली, तिसऱ्यांदा कमरेत उसण. शिवाय आत दोन्ही बाजूंना चाकांवरचा पत्रा फुगलेला. वर टेप लावली तर जागा ऐसपैस, आणि खाली, जिथे सामान बसायचं, तिथे हातभर कमी. लिटरवाल्यांनी ती वरची हवासुद्धा मोजली असणार!

तिथला सेल्समन समंजस होता. पाणी दिलं, खुर्ची पुसून दिली आणि म्हणाला, "मॅडम, जिनके लिए ले रहे हैं, उनको भी एक बार ले आते."

मी त्याला काय म्हटलं असेल? "उनको लाने के लिए ही तो गाड़ी चाहिए, भैया!" आणि आपण काय हजरजबाबी, म्हणून ऑटोत घरापर्यंत हसत आले. त्या हसण्याची आज लाज वाटते.

कारण खुर्ची माझ्याबरोबर दिल्लीत असायची तेव्हा सासूबाई कुठे असायच्या? पलंगावर. पलंगाचं तोंड भिंतीकडे. सकाळी मला साडी नेसताना बघितलं की विचारायच्या, "आज परत नेणार का खुर्ची?"

"हो आई. दोन तासांत आलेच."

"बरं."

दोन तासांचे पाच व्हायचे. मला वाटायचं, त्यांच्यासाठीच तर पायपीट करतेय. परत आले की घाम पुसत त्यांना आकडे वाचून दाखवायचे. त्या ऐकायच्या आणि विचारायच्या, "समोरचा स्लॅब पडला का गं? येताना बघितलास?" मी कुठला स्लॅब बघते!

मे संपला. तिसरी गाडी मला पसंत पडली. उंच, चौकोनी, बोजड दिसणारी. डिकी रुंद नव्हती, पण उंच होती. वरचा ट्रे काढला की खुर्ची शहाण्यासारखी उभी राहायची आणि दार 'टप्' करून बंद. हे म्हणाले, "चलो, झालं!" पण मला चैन कुठे? पुढच्या आठवड्यात गुडगावला आणखी एक गाडी येणार असं पेपरात होतं. गेले. खुर्ची घेऊन गेले. ती गाडी आलेलीच नव्हती, फक्त पुठ्ठ्याचं चित्र उभं केलं होतं. त्या फेरीत आणखी आठवडा गेला. काकूंचा फोन आला: ट्रक ठरलाय, सोमवारी निघणार.

मग ती तिसरीच गाडी घेतली; शनिवारी ती घरी आली. ओवाळलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मी खुर्ची डिकीत ठेवून दार लावून दाखवलं, उघडून दाखवलं, पुन्हा लावून दाखवलं. शेजाऱ्यांनी वाहवा केली. मग सासूबाई नवी साडी नेसून, काकूंसाठी केलेल्या चकल्यांचा डबा घेऊन, वॉकर टेकत टेकत पुढच्या दारापाशी आल्या. बसल्या. डावा पाय आत गेला. उजवा पाय बाहेर.

सीट मागे सरकवली. शेवटपर्यंत सरकवली. पाय बाहेरच. ह्यांनी पाठ पाडून बघितली, मी पाय तिरका करून बघितला, त्या "आई गं" म्हणाल्या तसा सोडला. सरळ पायाला जेवढी जागा लागते तेवढी त्या गाडीच्या पुढच्या सीटला नव्हतीच. आमची लेक तेव्हा दहा वर्षांची. फरीदाबादला वाढलेली, अर्धं हिंदीत बोलणारी. ती मोठ्याने म्हणाली, "आई, तू आजीला तर नापलंच नाहीस!"

एक शेजारीण पदर तोंडाला लावून वळली. हे माझ्याकडे बघेनात. बघितलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या पर्समध्ये टेप तशीच होती. जमीन दुभंगावी वगैरे म्हणतात ना, मला तर वाटलं, डिकी उघडावी आणि आपणच आत जाऊन वरून दार लावून घ्यावं.

सासूबाई दारातच बसून राहिल्या, मांडीवर डबा, पाय रस्त्यावर. मग त्यांनी मान वळवून मागची सीट बघितली. म्हणाल्या, "त्या टॅक्सीत कशी बसले होते मी?"

तेव्हा कुठे आमची डोकी चालली. वॉकरने मागच्या दाराशी नेलं. रस्त्याकडे तोंड करून त्या सीटच्या कडेला टेकल्या. हे पलीकडच्या दाराने आत शिरले आणि त्यांनी आईला काखेत धरून मागे ओढलं. मी पाय दोन्ही हातांत धरून, तान्हं बाळ उचलावं तसा, सीटवर आडवा ठेवला. पाठ त्या दाराला, टाच ह्या दाराला. इंचभर शिल्लक! पाठीशी उशी दिली. दार लॉक झालंय ना, हे मी तीनदा बघितलं. लेक पुढे माझ्या मांडीवर. खुर्ची डिकीत. हे स्टिअरिंगवर, घामाघूम.

गाडी सेक्टरच्या बाहेर पडली तरी मी पुढे बघू शकले नाही. मागे वळून वळून बघत होते. त्या काच खाली करून त्या नव्या इमारतीकडे टक लावून बघत होत्या. शेवटी मला राहवेना. म्हटलं, "आई, चुकलंच माझं. मी नुसती त्या खुर्चीच्याच मागे..."

त्यांनी चकल्यांचा डबा नीट पोटाशी धरला आणि म्हणाल्या, "माफी परत येताना माग. उन्हाळाभर माझी खुर्ची दिल्ली हिंडून आली, आता जरा मलाही हिंडव."