भोयर मॅडमचा मे महिना

मे महिन्यात नागपूरचा माणूस गाव सोडून पळायला बघतो. आमच्या भोयर मॅडम मात्र वर्षभर मे महिन्याची वाट पाहायच्या. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की कपाळाला रुमाल बांधून त्या प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत शिरत आणि खुशीत म्हणत, "अशी कोरडी हवा विकत भेटते का वं कुठं?"

त्या खोलीत आम्ही लिथियम धातूच्या बॅटऱ्यांचे सेल भरायचो. मॅडमचा सगळा जीव बॅटरीच्या आतल्या द्रवात, म्हणजे इलेक्ट्रोलाइटमध्ये. बर्फातल्या ठाण्यावर उणे चाळीस अंशांना गोठणार नाही आणि उन्हात तापलेल्या डब्यात साठ अंशांना बिघडणार नाही, असा एकच द्रव त्यांना हवा होता. सहा वर्षं त्या त्याच्या मागे लागल्या होत्या. लिथियमला पाण्याचं वावडं, अगदी हवेतल्या ओलाव्याचंसुद्धा. खोलीत हवा सुकवायचं यंत्र होतं, पण बाहेरची हवा कोरडी असली तरच ते पुरायचं. म्हणून महत्त्वाचे सेल मे महिन्यातच भरायचे आणि त्या खोलीत कूलर लावायचा नाही, हा त्यांचा नियम. आम्ही विद्यार्थी घामाने निथळत असू आणि त्यांच्या नावाने बोटं मोडत असू.

मॅडम रामटेककडच्या, धानाची शेती असलेल्या घरातल्या. वर्गात प्रमाण मराठी बोलायच्या, खोलीत शिरल्या की थेट गावची बोली. कुणाचा प्रयोग फसला की चिडायच्या नाहीत. स्टूल ओढून बसायच्या आणि विचारायच्या, "फसलं त फसलं. काहून फसलं, ते सांग." उत्तर मिळेपर्यंत जेवायलाही सोडायच्या नाहीत.

जूनअखेर त्या निवृत्त होणार होत्या. त्याआधी दहा सेल बाहेर तपासणीला पाठवायचे होते. ते टिकले तर काम पुढे चालणार, नाही तर सहा वर्षांवर पाणी. हे सेल भरतानाच एका दुपारी मॅडम बैठकीला गेल्या आणि मला भोवळ यायला लागली. मी शेजारच्या खोलीतला कूलर ढकलत आणला, तासभर लावला आणि गुपचूप परत ठेवला. भट्टीत वाळवलेले सेलमधले पातळ पडदे तेव्हा टेबलावर, कूलरच्या ओलसर हवेत, निवत होते. त्यांच्याकडे माझं लक्षच गेलं नाही, इतकी मी मूर्ख.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागला. पाठवण्याआधी आम्ही सेल तपासले. थंडीत ते झकास चालले. साठ अंशांना मात्र चार दिवसांत फुगले. मॅडमनी वही उघडली आणि त्या द्रवाच्या सूत्रावर पेन्सिलने आडवी रेघ मारली. "माहंच चुकलं असन," एवढंच म्हणाल्या. काहून, हे त्यांनी विचारलंच नाही. मला भडभडून आलं. माझ्या प्रबंधावर त्यांची सही व्हायची होती. पण मी गप्प राहिले असते तर आपला द्रवच खोटा, असं समजून ही बाई घरी बसली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी मनीषनगरला त्यांच्या घरी गेले आणि सगळं सांगून टाकलं. आधी त्यांनी कूलर किती वेळ चालला, वारा कोणत्या बाजूने येत होता, हे विचारलं. 

"म्हणजे द्रव बरोबर असू शकते," म्हणाल्या. आणि मग भडकल्या. "एक घंटा नाही काढवला तुह्याच्यानं? चल, चप्पल घाल. हवेत ओल यायच्या आत दहाच्या दहा पुन्हा भरू."

आठ दिवस आम्ही दोघीच खपलो. त्यांचा चेहरा लालबुंद व्हायचा. बाहेर जाऊन मीठ-साखरेचं पाणी प्यायच्या, घाम पुसायच्या, पुन्हा उभ्या. नवे सेल साठ अंशांवर चार दिवस राहिले, दहा दिवस राहिले. एकही फुगला नाही. सेल तपासणीला गेले, तेव्हा आकाश भरून आलं होतं.

प्रयोगशाळेच्या अहवालात मी लिहिलं होतं, 'तांत्रिक कारणामुळे पहिली तुकडी बाद.' मॅडमनी ते खोडलं आणि कूलरचं लिही, नावासकट लिही, म्हणाल्या. मी रडायलाच लागले.

"तुले शरम वाटावी म्हणून नाही सांगून राहिली मी," त्या म्हणाल्या. "पुढच्या मे महिन्यात मी इथं नसन. उकाडा राहीनच. कोणाले तरी कूलर लावाव वाटन. त्याले हे वाचाले भेटलं पाहिजे."

मी लिहिलं, खाली नाव घातलं. मॅडमनी कागद ओढून घेतला, माझ्या नावाच्या वर आपलं नाव लिहिलं आणि सही केली.