गुलाबी पाण्याची साक्ष

लोणारचं तळं गुलाबी झालं, त्या वर्षी मी दोन्हीकडून वैतागले होते. बुलढाण्यात एका कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि रविवारी चर्चला जाते. या दोन गोष्टी एका बाईत कशा मावतात, हे कोडं लोकांना पडतं, मला कधीच पडलं नाही.

परवानगी काढून मी तळ्याचं पाणी आणलं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्याआधी मी क्षणभर प्रार्थना करते. आमच्या विभागप्रमुखांनी ते पाहिलं.

"मॅडम, प्रार्थनेनं जिवाणू वाढतात काय?"

"नाही सर. मले नीट दिसावं म्हणून करते."

ते हसले. हा विनोद ते वर्षानुवर्षं करत आलेत.

पाणी आटून मीठ वाढलं होतं आणि मिठातच वाढणारे रंगीत जीव माजले होते. इतक्या खाऱ्या पाण्यात काही जगतं, हे पाहून मला दर वेळी देवाचे आभार मानावेसे वाटतात.

रविवारी पाळकसाहेबांनी मला न विचारताच जाहीर करून टाकलं, "आपल्या ताई आता देवानं लोणारला दाखवलेल्या चिन्हाची साक्ष देतील." मी उठले आणि मीठ, पाणी, जीव असं सगळं सांगितलं.

"म्हणजे यात देवाचं काहीच नाही?" पाळकसाहेब म्हणाले.

"सगळं त्याचंच आहे, साहेब. त्यानं कसं केलं, ते मी पाहते."

"मग चमत्कार कुठं आहे?"

मी खाली बसले. शेजारी एक निवृत्त नर्सबाई होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मले दाखवशील काय ते जीव?"

त्यांच्यासाठी मी कॉलेजचा सूक्ष्मदर्शक मागितला. "चर्चमध्ये?" विभागप्रमुखांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण दिला. शिवाय कॉलेजची वस्तू म्हणून पुढच्या रविवारी स्वतः सोबत आले.

उपासना संपल्यावर नर्सबाईंनी बराच वेळ पाहिलं. डोळा काढला तेव्हा त्यांचे ओठ पुटपुटत होते. मग पाळकसाहेब वाकले.

"हे हालत काऊन नाहीत?"

"स्लाइड करताना मेले, साहेब."

"मेलेले दाखवून राह्यल्या तुम्ही?"

विभागप्रमुखांना राहवलं नाही. ते पुढे झाले आणि स्लाइड कशी करतात, इथपासून समजावू लागले. पाळकसाहेबांनी विचारलं, या जिवांना मिठात जगायची अक्कल कोणी दिली. सर म्हणाले, उत्क्रांतीनं. पाळकसाहेब म्हणाले, उत्क्रांतीले कोणी दिली. मंडळी जेवायला घरी गेली, तरी दोघं बोलतच होते, आणि दोघांनाही मजा येत होती.

शेवटी दोघं माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्हीच सांगा."

"मी इतकी वर्षं तेच सांगून राह्यले," मी म्हणाले आणि सूक्ष्मदर्शक खोक्यात भरायला घेतला.