जैसे थे

आमच्या इमारतीतल्या बेकरीवाल्याचं दिवाळं निघालं, तेव्हापासून त्या गाळ्याच्या शटरला तीन कुलुपं आहेत. एक बँकेचं, एक त्याच्या भावाचं, एक लिलावात गाळा घेणाऱ्याचं. ताब्याचा एक दावा संपला की दुसरा लागतो. तोवर कोर्टाचा हुकूम 'जैसे थे', म्हणजे कशाला हात लावायचा नाही.

आत नळ फुटलाय. शटरखालून आंबलेल्या मैद्याचं, अळ्यांचं पाणी शेजारच्या काकूंच्या उंबऱ्याशी येतं. मी तिघांना फोन केले. गाळा प्रत्येकाचाच आहे. नळाचं काढलं की तिघांनाही 'जैसे थे' आठवतं.

आज तिथे चौथं कुलूप दिसलं. ते लावायला हुकूम आड आला नाही.

काकू नाकाला पदर लावून पाणी लोटत होत्या. म्हणाल्या, "यावर कुणी हक्क सांगत नाही बघ."