तिसऱ्या वर्षाची ढाल

अंबादास रंगारींच्या घरात, दाराच्या समोरच्या भिंतीवर, एक जाड खिळा होता. त्यावर छत्री लटकायची. कोणी विचारलंच तर त्यांची बायको मालनबाई सांगायची, "खिळा ढालीचा आहे जी. ढाल येईपर्यंत छत्रीला भाड्यानं दिला." सगळे हसायचे, अंबादासकाकाजी सोडून. कबड्डीच्या बाबतीत हा माणूस कधी हसत नसे. त्यापायी आम्हा गढ्याच्या, म्हणजे जबलपूरच्या जुन्या वस्तीतल्या, पोरांचा जीव मेटाकुटीला यायचा.

दसऱ्याच्या सुमाराला जबलपुरात कबड्डीचे मोठे सामने होत. जिंकेल त्याला फिरती ढाल मिळायची. वर्षभर जवळ ठेवायची आणि परत करायची. पण सलग तीन वर्षं जिंकलात तर ढाल कायमची तुमची. काकाजी स्वतः खेळायचे त्या काळात गढ्याचा संघ दोनदा तिसऱ्या वर्षापर्यंत पोचला आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात हरला. एकदा तर नागपूरवाल्यांनी हरवलं. पुढे राज्यं वेगळी झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं, तिथले संघ यायचे बंद झाले. काकाजी मात्र इथंच राहिले. दिवसा कारखान्यात लेथवर उभे राहायचे आणि संध्याकाळी विहारामागच्या मैदानात आमच्यावर ओरडायचे.

चौसष्ट साली आम्ही पुन्हा तिथंच येऊन ठेपलो. दोन वर्षं जिंकलो होतो, तिसरं समोर होतं. आणि नेमके आमचे दोन्ही भरवशाचे पकडवाले गेले. एकाचा खांदा निखळला, दुसऱ्याची इटारसीला बदली झाली. चढाईला आमच्याकडे गुणवंत होता, सुमनबाईचा मुलगा, सतरा-अठरा वर्षांचा. चढाईला गेला की समोरच्या पोरांना हा कोणत्या बाजूनं वळणार ते कळायचंच नाही. पण नुसत्या चढाईवर सामना निघत नाही, पकडणारे हातही लागतात.

हे हेरूनच नर्मदा क्लबचे सेक्रेटरी विष्णुपंत एका संध्याकाळी मैदानावर आले. त्यांच्याकडे गणपत आणि लहानू असे दोन मुरलेले पकडवाले होते, तिशी ओलांडलेले. विष्णुपंतांनी सरळ सौदा मांडला, "या सालापुरते हे दोघं घेऊन जा. गुणवंत आम्हाला द्या. तो मात्र कायमचा."

विहाराच्या ओसरीवर बैठक बसली. बहुतेकांना ढाल हवी होती. मी म्हटलं, "पोरगा गेला तर पुढच्या साली काय कराल?" लगेच कोणीतरी मला गप्प केलं, "अच्युत, पुढचं साल पुढं पाहू ना भैया." काकाजी मान खाली घालून बसले होते. मग म्हणाले, "विष्णुपंत त्याला नोकरीले लावून देतो म्हणतेत. पोराचं भलंच होईल." ते स्वतःलाच समजावत होते हे आम्हाला दिसत होतं. मला त्यांचा संताप आला होता आणि कीवही.

गुणवंतला कोणी विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी मैदानावर काकाजींनी त्याला सांगितलं, तेव्हा तो खाली बसून मातीत रेघा ओढत राहिला.

"जाच लागते का काकाजी?"

"तिथं नोकरी लागते तुले."

"म्या नोकरी मागतली होती का?"

गुणवंत उठला, अंगावरचं बनियन काढून घडी घातली, काकाजींच्या हातात दिलं आणि उघड्या अंगानं घरी गेला.

आता आमच्या संघाची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. सामन्याआधी प्रत्येकाच्या पायाला पट्ट्या काकाजी स्वतः बांधायचे, जुन्या धोतराच्या. ते उकिडवे बसायचे, आम्ही एकेकानं जाऊन त्यांच्या मांडीवर पाय ठेवायचा. आपली आपण बांधली तर रागवायचे. गुणवंतचा डावा घोटा कच्चा होता. लहानपणी चिंचेवरून पडला होता, तेव्हापासून. पण काकाजी नेहमी त्याचे दोन्ही घोटे सारखेच बांधायचे, म्हणजे समोरच्याला कोणता कच्चा ते कळू नये. आम्हाला माहीत होतं, बाहेर कोणालाच नाही.

गणपत आणि लहानू आले आणि आम्ही जिंकत सुटलो. गणपतची पकड लोखंडाची होती. पण तो पट्टी बांधून घ्यायला कधी आला नाही. "मी माझी बांधतो," म्हणायचा. आमच्या चुली वेगळ्या आहेत हे त्यानं पहिल्याच दिवशी दाखवून दिलं.

अंतिम सामना नर्मदा क्लबशीच पडला. मैदानाभोवती तोबा गर्दी होती. कमानिया गेटच्या बाजारातले दुकानदार सुद्धा गल्ले नोकरांवर सोडून आले होते. काकाजींनी आम्हाला पट्ट्या बांधल्या. शेवटची माझी होती. मी पाय काढून घेतला तोच तिथं दुसरा पाय आला.

गुणवंतचा. अंगावर नर्मदा क्लबचं निळं बनियन. सवयीनं आला होता की मुद्दाम, मला आजही सांगता येणार नाही. त्याचा चेहरा मात्र अगदी साधा होता, रोजच्यासारखा. पलीकडून विष्णुपंत हाका मारत होते. काकाजींनी वर पाहिलं आणि त्यांचे डोळे भरले. मी त्या माणसाच्या डोळ्यांत तोवर पाणी पाहिलं नव्हतं. पट्ट्या संपल्या होत्या. त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याची कड टर्रकन फाडली आणि डावा घोटा बांधला, नेहमीसारखा दुहेरी. दुसरी कड फाडायला घेतली आणि शिट्टी वाजली. पंच ओरडला, "चलो, खिलाड़ी अंदर!" गुणवंत एकाच बांधलेल्या पायानं पळाला.

माझ्या शेजारी गणपत उभा होता. त्यानं ते पाहिलं. त्यानं पाहिल्याचं मीही पाहिलं.

सामना शेवटपर्यंत खालीवर होत राहिला. शेवटच्या चढाईला आम्ही एका गुणानं पुढे होतो. गुणवंत आत आला. लहानूला त्यानं हुलकावणी दिली, कोपऱ्यातल्या दोघांना शिवला आणि वळला. मधल्या रेघेला हात लागला की ढाल नर्मदा क्लबची. मी मागून त्याची कंबर धरली. त्याच क्षणी गणपतनं झेप घेतली, थेट डाव्या घोट्यावर, आणि दोन्ही हातांनी तो पिळला.

गुणवंतचा दम चालूच होता. कबड्डी, कबड्डी, पण आवाज चिरकला होता. तो ओढत होता, रेघ वीतभर राहिली होती. आणि बाहेरून काकाजी जीव तोडून ओरडले, "सोड! अरे सोड त्याले!"

मी सोडलं. विचार करायला वेळच नव्हता. बारा वर्षांचा असल्यापासून त्या आवाजावर मी धरत आणि सोडत आलो होतो. कोपऱ्यातून धावून आलेला आमचा पोरगा जागीच थांबला. गणपतनं सोडलं नाही. काहीतरी काडकन वाजलं, गुणवंतचा दम तुटला आणि पंचानं आमच्या बाजूनं हात केला.

लोकांनी आम्हाला खांद्यावर घेतलं. काकाजी गर्दीतून वाट काढत गणपतकडे गेले. आता मारतात की काय असं मला वाटलं.

"काहून नाही सोडलं?"

गणपत हात झटकत होता. तो चिडला नव्हता. "काकाजी, मले जिंकाले आणलं होतं तुम्ही. सोडनारे पोरं तर तुमच्यापाशी होतेच ना."

ढाल रिक्षातून गढ्याला आली. खिळ्यावरची छत्री मालनबाईनं दारामागे ठेवली.

घोट्याचं हाड वाकडं जुळलं. विष्णुपंत एकदा फळं घेऊन येऊन गेले, नोकरीचं नाव पुन्हा निघालं नाही. काकाजी रोज कारखान्यातून परस्पर सुमनबाईच्या घरी जायचे, दाराशी बसून निघून यायचे. तिनं त्यांना एका शब्दानं दुखावलं नाही. फक्त चहा समोर ठेवायची आणि आत जायची. ते त्यांना जास्त लागत असावं.

प्लास्टर काढलं त्या दिवशी मी त्यांच्यासोबत होतो. गुणवंत खाटेवर बसला होता, पाय खाली सोडून. घोटा काळा पडला होता. काकाजी त्याच्यासमोर उकिडवे बसले, खिशातून धोतराच्या दोन पट्ट्या काढल्या, दोन्ही सारख्या मापाच्या, आणि मांडी पुढे केली.

गुणवंतनं पाय हळूच खाटेखाली ओढून घेतला.

"राहू द्या काकाजी," तो म्हणाला. "आता कोणापासून लपवाचं हाये?"