बरं हाय, साहेब

सोनईच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत पाळक चुलीपुढं बसून भाकरी खायचे आणि प्रार्थनेत घरातल्या म्हशीचंही नाव घ्यायचे. बहात्तर साली विहीर आटली, तशी राहीबाई नवऱ्यासह नगरला लेकाकडे आली. इथलं चर्च मोठं, माणसं शेकड्यांनी. त्यात नवरा, पुंजाराम, आल्या आल्या खाटेला खिळला. त्याचं एकच मागणं होतं.

"पाळकांच्या हातनं प्रभुभोजन घेऊ दे. मग मी मोकळा."

उपासना संपली की पाळकसाहेब दारात उभे राहून एकेकाचा हात हातात घ्यायचे. "सलाम, बाई. बरं आहे ना?" जन्माची सवय, राहीबाईच्या तोंडून निघून जायचं, "बरं हाय, साहेब." तोवर मागच्या बाईचा हात पुढे आलेला असायचा. सोनईत पाणवठ्यावर भांडणात जिच्यापुढं उभं राहायची कुणाची टाप नव्हती, ती बाई इथं दर रविवारी मूग गिळून घरी यायची. पुंजाराम विचारायचा, "सांगितलं का?" ती चूल फुंकत बसायची. स्वतःचा तिला भारी संताप यायचा.

शेवटी एका रविवारी तिनं साहेबांचा हात सोडलाच नाही. मागची रांग खोळंबली.

"बरं न्हाई, साहेब. आमचं मालक लई थकल्यात. तुमची वाट बघत्यात."

साहेब माणूस भला. घराचा पत्ता विचारून त्याच दुपारी सायकलवर आले. त्यांनी पुंजारामला भाकरीचा तुकडा भरवला, प्याला ओठाला लावला आणि डोळे मिटून म्हणाले, "प्रभू, तुझ्या या दासाला शांती दे." राहीबाईचा जीव भांड्यात पडला.

पुंजारामनं मात्र पाहुण्याकडे निरखून पाहिलं आणि बायकोला विचारलं, "आपलं पाळक कवा येनार?"

"हेच की आपलं पाळक."

"मग माजं नाव कसं न्हाई घेतलं?" एवढं बोलून तो भिंतीकडे वळला.

साहेब ओशाळले. "बाई, नाव काय यांचं?"

संसार म्हातारा झाला, पण नवऱ्याचं नाव तिनं कधी तोंडातून काढलं नव्हतं. आमच्याकडच्या बायका घेतच नाहीत. आताही तिची जीभ रेटेना. लेक रविवारचाही कामावर गेलेला, सांगायला दुसरं कुणी नव्हतं. अखेर पदर तोंडाशी धरून ती म्हणाली, "पुंजाराम."

साहेबांनी पुन्हा प्रार्थना केली, पुंजारामचं नाव घेऊन, चांगली मोठ्यानं. भिंतीकडून आमेन आलं नाही. राहीबाई कितीतरी वेळ कान देऊन बसली. पुंजाराम तसाच गेला; त्याला ऐकू गेलं की नाही, हे तिला कधीच कळलं नाही.