ढोलकीतला घास

आधीच सांगते, मी या ग्रुपवर दोन वर्षं फक्त वाचते. कधी कमेंटही करत नाही. आणि खरं सांगायचं तर बहुतेक अनुभव वाचून मला वाटायचं - ॲसिडिटी असेल. आता स्वतःचं लिहितेय, तर तुम्हालाही तसंच वाटेल. वाटू दे.

मी पनवेलची. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. कॉलेज खारघरला. गेल्या मे महिन्यात कॉलेजच्या हेरिटेज क्लबने अर्ध्या दिवसाची ट्रिप काढली : पनवेलच्या जुन्या वस्तीतले दोन दर्गे आणि मागच्या गल्लीतलं ढोलकीचं वर्कशॉप. माझ्याच गावात मी टुरिस्ट. कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दर्ग्याच्या पायरीवर एक मावशी बसल्या होत्या. बेलपाड्याहून आलेल्या, हातभर हिरव्या बांगड्या, मांडीवर दीड-दोन वर्षांची नात. नवस फेडायला मलिदा आणला होता - चपात्या कुस्करून, गूळ-तूप घालून. मलिदा आमच्याकडेही करतात, पोह्यांचा, एलियाहू हनावी या आमच्या प्रेषिताच्या नावाने. त्यामुळे मला बरं वाटलं. मग मी वाडग्यात बघितलं.

नातीचा अख्खा हात आत होता. नाक ओठापर्यंत वाहत होतं. तोच हात ती तोंडात घालत होती आणि परत मलिद्यात.

"घे गो पोरी."

"नको मावशी, पोट भरलंय."

"नाय बोलू नको. हिच्या पोटात कायच टिकत नव्हता. आता बघ कशी खाते," असं म्हणून त्यांनी घास थेट माझ्या तोंडात घातला. माझी मैत्रीण सानिका समोरून व्हिडिओ काढत होती. मी हसले. चावल्यासारखं केलं. काहीतरी बुळबुळीत जिभेला लागलं - तूपच असेल, पण मला ते तूप वाटलं नाही.

दोन मिनिटांनी गल्लीत वळताना मी घास टिश्यूत थुंकला. डस्टबिन दिसेना. टिश्यू मुठीत तसाच, ओला, कोमट. तो धरून मी वर्कशॉपमध्ये शिरले.

तिथला वास सांगण्यासारखा नाही. टबात बकऱ्याची कातडी भिजत होती, पाणी पिवळट, वर केस तरंगत होते. ढोलकीवाले चाचा एका बाजूला कातडं बसवलेलं लाकडी खोड दाखवत म्हणाले, "आतून एकदम साफ लागतं. मुंगी राहिली तरी आवाज बदलतो." सगळे हसले. चाचा दुसरं कातडं आणायला टबाकडे वळले, आणि मी... टिश्यू खोडात टाकला. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. हातातून तो जायला हवा होता, एवढंच. चाचांनी वरून कातडं ताणलं आणि दोरी आवळली.

त्या संध्याकाळी वरणभाताला टबातल्या पाण्याची चव आली.

दुसऱ्या दिवशी चहाला. मग पाण्याला. ओलं कातडं आणि खवट तूप, आणि त्याखाली काहीतरी गोडूस कुजणारं... रोज थोडं जास्त. मी दिवसातून सहा-सात वेळा ब्रश करायचे, हिरड्यांतून रक्त यायचं, तर रक्तालाही तीच चव. डेंटिस्ट म्हणाले दात उत्तम आहेत. आईने माझं तोंड उघडून वास घेतला. "टूथपेस्टचा येतोय गं."

सातव्या दिवसापासून पोटात काही टिकेना.

त्यात दादा नोकरीसाठी इस्रायलला निघालेला. येत्या रविवारी त्याच्यासाठी घरी मलिदा करायचा होता. "मी जातोय म्हणून उपास धरलास की काय?" तो म्हणाला. "मलिदा तरी खा. नाहीतर विमानात मला तुझंच तोंड दिसेल." तो चेष्टा करत होता, पण परत कधी येईल ते त्यालाही माहीत नव्हतं. त्याच्या मलिद्याचं ताट माझ्यासमोर येणार आणि मी ओकणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

नवव्या दिवशी दुपारी मी एकटी वर्कशॉपमध्ये गेले. ती ढोलकी तिथेच खुंटीला होती.

"हिचा आवाज बसतच नाय," चाचा म्हणाले. "परत खोलायला पाहिजे."

मी सांगितलं. खाली बघून, पण सगळं सांगितलं.

ते रागावले नाहीत. "बोलायचं ना, बेटा. डबा होता इथे," म्हणून त्यांनी टेबलाखालचा कचऱ्याचा डबा दाखवला. मग दोरी सैल करून कातडं काढलं आणि खोड उलटं केलं.

मे महिन्यातले नऊ दिवस. मी अळ्या बघायची तयारी करून गेले होते. टिश्यू पांढराशुभ्र होता. तुपाचा डाग ओला. उघडला तर गूळ-वेलचीचा वास. घासावर माझ्या दातांची खूण, आणि माझी थुंकी अजून चमकत होती.

चाचांनी वाकून वास घेतला. "हा तर ताजा आहे. मजाक करतेस का?"

कुजायला हवा होता तो. तो कुजला नव्हता... मग माझ्या तोंडात नऊ दिवस काय कुजत होतं?

मला कोणी सांगितलं नाही. चाचा तर "टाक, टाक" म्हणत होते. मी तो घास तोंडात घातला. माझाच थुंकलेला, त्या बाळाच्या शेंबडाचा. थंड होता. तीनदा उमासा आला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी गिळला. आणि तेव्हा नऊ दिवसांत पहिल्यांदा कातड्याचा वास बाहेरून आला. टबातून.

रविवारी घरचा मलिदा खाल्ला. दोनदा मागून घेतला. आई खूश झाली.

मी बराच विचार केलाय. मनाचे खेळ म्हणावं तर चाचांनी वास घेतला होता. दादाला हे काहीच माहीत नाही. तो व्हिडिओ कॉलवर विचारतो, "जेवलीस?" मी हो म्हणते. आणि कॉल संपला की तळहातावर फुंकर मारून वास घेते.